लाइन बघायला आलेल्या भाऊंस

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या महालातलं आमचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, दुकान परवा आवरायला काढलं. कपाटाच्या दाराला आतून डकवलेलं लग्नपत्रिकेचं प्रूफ दिसलं. पाठकोऱ्या बाजूला तुमचं अक्षर. नाव विचारायचं तेव्हा राहिलंच, म्हणून हे जाहीर पत्र.

2001 चा मे होता. मुंबईला मोठाल्या फायली पाठवायच्या म्हणून आयएसडीएन, म्हणजे एकाच जोडणीत दोन डिजिटल चॅनल देणारी फोन लाइन घेतली, ती संगणकाला जोडायला टर्मिनल अ‍ॅडाप्टर आणला आणि तीन दिवस डायलच होईना. अ‍ॅडाप्टर विकणाऱ्यानं ‘लाइन खराब’ म्हणून हात झटकले. टेलिफोनवाल्यांकडून तुम्ही आलात, भिंतीवरच्या एनटी-1 चा, म्हणजे लाइन जिथं येऊन संपते त्या पेटीचा, दिवा पाहिलात. “लाइन ठणठणीत आहे जी. तुमचा डबा अमेरिकेतला नंबर मागून राहिला!”

तुमचं काम तिथंच संपलं होतं. तरी कूलरसमोर फरशीवर बसलात. सेटिंगमध्ये स्विच टाइप, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचा प्रकार, अमेरिकेचा होता, तो आपल्याकडचा युरो आयएसडीएन केलात. ‘स्पिड’ या अमेरिकेकडच्या लाइन-क्रमांकाची रिकामी चौकट, जिच्यात मी आमचा फोन नंबर कोंबत होतो, ती गायबच झाली. कॉम पोर्टचा, म्हणजे संगणकाच्या सिरियल पोर्टचा, वेग सेकंदाला 9600 बिटवर होता, तो 115200 वर नेलात. डायल लागला.

मला मात्र दोन्ही चॅनल जोडून 128 किलोबिटची हाव. तेव्हा तुम्ही ते प्रूफ ओढून हिशेब मांडलात. एक चॅनल 64 किलोबिटचा, म्हणजे सेकंदाला 8,000 बाइट. दोन मिळून 16,000. पण अ‍ॅडाप्टर सिरियल पोर्टला. तिथं दर बाइटला 10 बिट जातात, म्हणून 115200 मधून फार तर 11,520. आणि दुसरा चॅनल म्हणजे दुसरा कॉल. बिल दुप्पट, वेग दीडपटही नाही! मल्टिलिंक, म्हणजे दोन चॅनलची ती जोडणी, बंद करून दिलंत. दोन्ही चॅनल वापरायचेच तर संगणकाच्या आत बसणारं कार्ड घ्या, म्हणालात. पुढं घेतलंही.

जाताना बजावलंत की साध्या फोनची लाइन काढून टाकू नका, वीज गेली की अ‍ॅडाप्टरला जोडलेला फोनही मुका होतो. त्या उन्हाळ्यात हे किती वेळा आठवलं, सांगत नाही.

पैसे घेतले नाहीत, फक्त अर्धा कप चहा. वर प्रूफातली ‘शुभविवाह’मधली चूकही दाखवलीत, जी माझ्या नजरेतून सुटली होती.

कपाट भंगारात दिलं. कागद सोडवताना फाटला असता, म्हणून दार ठेवून घेतलंय.

तुमचा,
महालातला डीटीपीवाला