पाचगणीला न गेल्याची गोष्ट

पुणे,
फाल्गुनातला पहिला रविवार

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू हसलास ते अजून कानात आहे. "इतक्या वर्षांनी दोघंच बाहेर पडलात आणि गेलात कुठं, तर वाईला? अरे, पाचगणीला जाताना खिडकीतून बघायचं गाव ते!" फोनवर मला वेळेवर उत्तर सुचत नाही हे तुला कॉलेजपासून माहीत आहे, त्याचा तू फायदा घेतोस. म्हणून लेखी उत्तर देतोय. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आधी घराबाहेर पडण्याबद्दल. आई आता 84 वर्षांची आहे, तिला एकटं ठेवता येत नाही. ताई नाशिकहून येऊन राहते म्हणाली तेव्हाच हे जमलं. नीलाने ताईसाठी फ्रिजवर एक कागद चिकटवला. पांढरी गोळी उपाशीपोटी, गुलाबी नाश्त्यानंतर, दूध दोन पिशव्या, कचऱ्याची गाडी साडेसातला, आणि सगळ्यात खाली: "आई चहात साखर मागतील. देऊ नये. फारच मागितली तर अर्धा चमचा." तो कागद वाचून आई म्हणाली, "माझं नाव सोडून सगळं लिहिलंय."

गाडी नेली नाही. गाडी नेली की मी रस्त्याकडे बघतो आणि नीला माझ्याकडे बघते, आणि दोघांनाही त्यात आनंद नसतो. स्वारगेटवरून सरळ एसटी धरली. तुला आठवत असेल, 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. कंडक्टरने "एक फुल, एक हाफ" म्हणून तिकिटं काढली, तेव्हा ही खिडकीतून बाहेर बघत मला म्हणाली, "लग्नात एवढा मानपान झाला नव्हता हो माझा." आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "मला न्यायचं होतंत, मला तर फुकट होतं!" पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे ना, ते तिच्या पक्कं लक्षात आहे.

जाताना खंबाटकीचा घाट चढून गेलो, बोगदा येताना मिळाला. ते एका परीनं बरंच झालं. जाताना इंजिन कण्हत घाट चढतं, तेवढ्या वेळात माणसाच्या डोक्यातून घर उतरतं. सुरूरच्या फाट्याला गाडी हायवे सोडून वळली, रस्त्याकडेला जुने वड लागले आणि नीलाने चप्पल काढून पाय वर घेतले. हिने पाय वर घेतले म्हणजे हिची सुट्टी सुरू झाली असं समजायचं.

आता वाईच का, ते सांगतो. कल्पना हिचीच. हिचं माहेर कराडचं, कृष्णाकाठचं. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोरून येऊन भिडतात, ते बघत ही मोठी झाली. तिला नदी वरच्या अंगाला कशी दिसते ते बघायचं होतं. समुद्र नको, थंड हवा नको, धबधबा नको, "आमची नदी" बघायची. मी म्हटलं, चला.

घाटापासून जवळच एका जुन्या वाड्यात खोली मिळाली होती. चौकात झोपाळा, भिंतीत फडताळं, आणि मालकीणबाई अशा की आपण पोहे संपवायच्या आत दुसरा डाव घेऊन उभ्या. पहिल्या दुपारी आम्ही काय केलं सांगू? झोपलो. उठलो तर साडेचार वाजले होते आणि काही करायचंच नव्हतं. मधू, मी खरं सांगतो, पहिला अर्धा तास अवघडल्यासारखं झालं. आमचं घरातलं बोलणं म्हणजे गॅस नोंदवला का, लाइट बिल भरलं का, आईचं बीपी किती, वॉचमन काय म्हणत होता. हे विषय पुण्यात राहिले आणि आम्ही दोघं त्या झोपाळ्यावर, एकमेकांकडे नवीन पाहुण्यासारखे. शेवटी हिने पर्समधून शब्दकोडं काढलं. "आडवा सहा, चार अक्षरी, शेवटी 'ण'." मग जमलं सगळं.

संध्याकाळी घाटावर गेलो. ढोल्या गणपतीचं देऊळ तू बाहेरूनही धड बघितलेलं नाहीस, म्हणून सांगतो. 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. आतली मूर्ती एकाच काळ्या दगडाची, अशी ऐसपैस बसलेली की आपणही जरा सैल होतो. पण मला आवडली ती देवळाची मागची भिंत. नदीच्या येणाऱ्या पाण्याकडे ती माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पूर आला की पाणी तिच्यावर आपटत नाही, दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशे वर्षांहून जास्त पावसाळे ती भिंत हे काम करतेय. मी तिथं इंजिनिअरसारखा मान वाकडी करून उभा, आणि हिचं लक्ष भलतीकडेच. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या गोपिकाबाईंच्या माहेरची मंडळी, हे तिथं कुणीतरी सांगितलं. "म्हणजे हा माहेरचा गणपती," असं म्हणून हिने दुसऱ्यांदा नमस्कार केला.

पाणी मात्र बघवत नव्हतं. जलपर्णी, पिशव्या, निर्माल्य. हे लपवत नाही तुझ्यापासून. पण पायऱ्या छान, दगड दिवसभर तापलेला असतो आणि संध्याकाळी त्याची ऊब बसल्या जागी लागते. कृष्णामाईच्या उत्सवाचे दिवस होते. वाईत प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा असतो, घाटाघाटाचे दिवस ठरलेले. अफझलखान वाईत असताना शिवाजी महाराजांना यश मिळावं म्हणून कृष्णेला केलेल्या नवसापासून हा सुरू झाला असं सांगतात. पलीकडे कुठंतरी कीर्तन चाललं होतं, पेटी ऐकू येत होती, शब्द नाही.

तिथं बसल्या बसल्या ही म्हणाली, "मी कराडला पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले." हिला पोहता येतं एवढं मला माहीत होतं. पण पुढचं नव्हतं. शिकल्यावर एका उन्हाळ्यात ही आणि हिचा चुलतभाऊ घरी न सांगता नदी आरपार पोहून गेले, पलीकडे कलिंगडाच्या वाडीत पकडले गेले, आणि वाडीवाल्याने मार देण्याऐवजी कलिंगड फोडून दिलं. ओल्या कपड्यांनी परत जायचं कसं म्हणून दोघं ऊन खात वाळूत बसून राहिले. एवढी वर्षं संसार केला आणि ही गोष्ट मला ठाऊक नाही! मी विचारलं, कधी बोलली नाहीस ते? तर म्हणते, "विषय कधी निघाला?" बरोबर आहे. आमच्या स्वयंपाकघरात कलिंगडाच्या वाडीचा विषय निघणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत गेलो. हे वाचून तू पुन्हा हसशील. सुट्टीला जाऊन भाजी आणली! पण घरची मंडई आणि ही मंडई यात फरक आहे. घरी मी पिशवी धरून मागे उभा असतो आणि घड्याळ बघतो. इथं ही एकेका वाट्यापाशी थांबत होती, मीही थांबत होतो. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला. लालसर दाणा, वर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे, भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे तो. विकणाऱ्या मावशींनी "रात्री भिजवा, नुसतं लसूण-खोबरं घाला, गरम मसाला घालून नासू नका" असं बजावलं. नीलाने ते निमूटपणे ऐकलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग मराठी विश्वकोशाचं कार्यालय बघायला गेलो. हिच्या वडिलांकडे विश्वकोशाचे खंड होते. पहिला खंड 1976चा, 'अंक ते आतुरचिकित्सा'. लहानपणी ताप आला की हिला तो खंड चित्रं बघायला मिळायचा, बरं वाटलं की परत कपाटात. एवढं सगळं जिथं लिहिलं गेलं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जिथं बसले, ती जागा बघायची होती. आता सरकारी कचेरी, त्यात सुट्टीचा दिवस, फाटक बंद. आम्ही बाहेरून पाटी वाचली आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहा फार गोड होता. हिने नावं ठेवत ठेवत दोन घेतले.

उन्हं कलल्यावर मेणवलीला निघालो. तीनेक किलोमीटर अंतर, रिक्षा करायची ठरली होती, पण रस्ता बघून चालतच निघालो. हळद निघायचे दिवस आहेत. वाटेत एका शेतात हळद शिजवणं चाललं होतं, वाफेचे लोट आणि तो ओला, मातकट, थोडा औषधासारखा वास. शिजवून, उन्हात पसरून खडखडीत वाळवायची, मग ड्रममध्ये घालून फिरवायची म्हणजे सालपटं जाऊन हळकुंडाला झळाळी येते. तिथल्या आजोबांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि शिजलेलं एक हळकुंड मोडून दाखवलं. माझी बोटं घरी येईपर्यंत पिवळी होती. आईने बघून विचारलं, "कुणाच्या हळदीला गेला होतात?"

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, चौकांमागून चौक, भिंतींवर जुनी चित्रं. सिनेमावाल्यांनी तो आणि त्याच्या मागचा घाट इतका वापरलाय की प्रत्येक कोपरा ओळखीचा वाटतो. पण तिथं जायचं ते घंटेसाठी. घाटावर एका लहानशा दगडी घुमटीत भलीमोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. 1707चं साल आहे तिच्यावर. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून मराठ्यांकडे आलेल्या घंटांपैकी ही. चर्चची घंटा महादेवाच्या शेजारी! कुणी तिला गाळली नाही, मूर्ती घासून काढली नाही, आहे तशी टांगली. नीला बराच वेळ त्या बाळाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाळ अंगानं भरलेलं आहे, आपला नातू याच्यापेक्षा बारीक आहे." झालं, तिथूनच बंगलोरला व्हिडिओ कॉल. नातवाने घंटेकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याला मागचं कुत्रं हवं होतं.

परतताना अंधारलं आणि पसरणीच्या घाटातले दिवे दिसायला लागले. एकामागे एक गाड्या पाचगणीकडे चढत होत्या. मालकीणबाई जेवायला वाढताना म्हणाल्याच, "उद्या सकाळी वर जाऊन या की, स्ट्रॉबेरीचे दिवस आहेत." मी हिच्याकडे बघितलं, हिने भाकरीकडे बघितलं. स्ट्रॉबेरी खालीही मिळते. टेबललँडवर घोडे असतात आणि घोड्यांवर आपल्यासारखी माणसं असतात, ती आपण पुण्यात बघतोच. शिवाय उरलेलं कोडं झोपाळ्यावर सोडवायचं होतं. "उभा अकरा" दोन दिवस अडला होता. तर मधू, पाचगणी राहिली ती वेळ नव्हता म्हणून नाही. वेळ भरपूर होता, तो खर्च करायचा नव्हता.

येताना बोगद्यातून भर्रकन आलो. बोगद्याच्या अलीकडे नीलाला ताईचा फोन: गुलाबी गोळी सकाळची की रात्रीची? कागद कुठं गेला विचारलं, तर आईने तो काढून त्याच्या मागे दूधवाल्याचा हिशेब लिहिला होता. साखरेचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

घेवडा कालच केला, मावशींनी सांगितला तसाच. आई म्हणाली खोबरं जास्त झालंय आणि तिसऱ्यांदा वाढून घेतला.

आता तुझ्याबद्दल. नागपुरात इतकी वर्षं काढलीस आणि वहिनींना घेऊन रामटेकला शेवटचा कधी गेलास? तासा-दीड तासाचं अंतर. पाहुणे आले की गाडी काढून फिरवून आणतोस ते धरायचं नाही. दोघंच, आणि एसटीने. वहिनींचं तिकीट अर्धं पडेल, ते त्यांना तूच सांग, मी सांगितलं असं सांगू नकोस. जमलं तर वैशाखाच्या आत जा, मग तुमच्याकडच्या उन्हात कुणी दगडावर बसणार नाही.

वाईची थोडी हळकुंडं वहिनींसाठी वेगळी काढून ठेवली आहेत. कुरियर करणार नाही. न्यायला या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईने तुला विचारलंय, केस राहिलेत का म्हणून.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्री

ता. क. 'उभा अकरा' अजून सुटलेला नाही. पाच अक्षरी, दुसरं 'र', शेवटचं 'ळ'. "संथ पण न थांबणारी" असं दिलंय. नीला म्हणते छापताना चूक झालीय. तुला सुचलं तर फोन कर, पण मला नको, तिला कर.