झोका खरा वाटायचा तर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटचे फोटो मिळाले. रूळ सुरेख बसलेत आणि खडी तर फारच छान. गोंदाच्या पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घातलास वाटतं, त्याशिवाय तो खडीत असा मुरत नाही.

आता तुझा प्रश्न. स्टेशनामागच्या झाडाचा झोका खरा का वाटत नाही? अरे, घरं, गाड्या, माणसं आपण 87 पटींनी लहान करतो, गुरुत्वाकर्षण मात्र होतं तेवढंच राहतं. दोन मीटर दोराच्या खऱ्या झोक्याला एकदा जाऊन यायला पावणेतीन सेकंदांहून थोडा जास्तच वेळ लागतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे आपल्या या 87 पट लहान मापात, तो दोर 23 मिलिमीटरचा होतो, आणि मोकळा सोडला तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यातच जाऊन येतो. असं फडफडताना दिसलं की सगळी जादू गेली. म्हणून झोका मोकळा ठेवूच नकोस. दोरांऐवजी ताठ, बारीक पितळी तार घे, ती वरच्या आडव्या दांडीला डाख देऊन पक्की कर आणि ती दांडी लेआउटच्या प्लायवूडखाली बसवलेल्या सर्व्होने, म्हणजे हव्या त्या कोनात फिरवता येणाऱ्या छोट्या मोटरने, हळू फिरव. वेग दोन्ही टोकांना मंद, मध्ये जास्त. पावणेतीन सेकंद पुरते लागू देत. मग बघ, दीड सेंटिमीटरच्या त्या पोरीला वजन येतं! फाटकाच्या दांड्यालाही हाच नियम लाव.

हालचाल थांबली की सर्व्होचा सिग्नल तोड, नाहीतर स्वस्तातले सर्व्हो जागच्या जागी थरथरत राहतात.

शेडमधल्या वेल्डिंगला मोटर लागतच नाही. एक पांढरा आणि एक निळा एलईडी वेल्डरच्या अंगाआड लपव, म्हणजे दिवा न दिसता मागच्या भिंतीवर नुसता लखलखाट दिसेल. लुकलुकणं अनियमित हवं, आणि मधूनमधून चांगली मोठी विश्रांती. तो माणूस कांडी बदलतोय, हे पाहणाऱ्याला आपोआप कळतं.

सगळं एकदम हलवू नकोस, एवढं माझं ऐकच. हॅम्बुर्गच्या मिनिएचर वुंडरलँड या मॉडेल रेल्वेच्या भल्यामोठ्या प्रदर्शनात पाहुण्यांनी बटण दाबल्यावर हलणारी कितीतरी दृश्यं आहेत. तू बटणाऐवजी रुळाकडेला इन्फ्रारेड सेन्सर बसव. गाडी आली की फाटक पडेल, ती गेल्यावर थोड्या वेळाने झोका सुरू होईल. आधी ही दोनच दृश्यं नीट जमव, वेल्डर नंतर.

झोका जोडलास की व्हिडिओ पाठव, शेजारी घड्याळ ठेवून. सर्व्होचा वेग आपण मिळून बसवू.

तुझा,
माधव