आईच्या घोरण्याबद्दल विचारणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमना

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या खोलीतून मी रागारागाने बाहेर पडलो, दारही जरा जोरात ओढलं. त्याची माफी आधी मागतो, आभार मग.

गौरी-गणपतीच्या आत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकायचं, असा आमचा बेत होता. भावाने पुण्याहून रजा टाकलेली, ईसीजी नॉर्मल, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, दुसरीकडून आणलेली फिटनेसची चिठ्ठीही खिशात. भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट म्हणजे एक सही, एवढीच आमची समजूत. तुम्ही चिठ्ठी वाचून बाजूला ठेवलीत आणि आईला विचारलंत, "दोन जिने न थांबता चढता का?"

"गुडघा चढू देतोय व्हय," आई म्हणाली.

मला वाटलं, झालं, पुढचा प्रश्न. पण तुम्ही तिथेच अडून बसलात. माणूस कष्ट करतो तेव्हा त्याचं हृदय साथ देतं का ते कळतं. इथे गुडघाच कष्ट करू देत नाही, म्हणून 'दम लागत नाही' या उत्तराला काही किंमत नाही. मी इकोचा कागद पुढे सरकवला. "हे निवांत पडलेल्या माणसाचं हृदय आहे," तुम्ही म्हणालात. मग गुडघा धरण्याआधी आई विहिरीवरून घागर आणायची का, आणताना कुठे टेकायची का, अशी उलटतपासणी सुरू. घोरतात का, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हे आईला नाही, तिच्या खोलीत झोपणाऱ्या वहिनीला विचारलंत. वहिनीने इतकं सविस्तर सांगितलं की आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

तोंड उघडायला लावलंत तेव्हा मला वाटलं, घसा बघताय. श्वासाची नळी घालायची वेळ आलीच तर आतली वाट किती दिसते, मान किती मागे जाते, कुठला दात हलतोय, हे बघत होतात. दात बघितलेत आणि मला म्हणालात, "तुम्ही जरा बाहेर बसा."

सदुसष्ट वर्षांची बाई मुलासमोर मिशेरीचं कबूल करणार नाही, हे तुम्ही ओळखलंत. आम्ही घरात राहून ओळखलं नव्हतं. दिवसातून चार वेळा, डबी तांदळाच्या डब्यात.

रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा (एचबीए१सी) ९.६, म्हणजे बराच जास्त. तुम्ही कागदावर 'एएसए ३' लिहिलंत. भाऊ म्हणाला, "थर्ड क्लास?" तुम्ही हसलात. रुग्णाची तब्येत मुळात कशी आहे ते सांगणारी ही अमेरिकेतली, १९४१ पासूनची पायरी, गुणपत्रिका नव्हे. मग तारीख खोडलीत. मी वाद घातला. तुम्ही एवढंच म्हणालात, "खुब्याचं हाड मोडलं असतं तर साखर सांभाळत एक-दोन दिवसांत ऑपरेशनला घेतलं असतं. गुडघा थांबतो. वाढलेल्या साखरेत सांध्यात जंतू शिरले तर तो पुन्हा उघडावा लागतो." याच वाक्यावर मी दार ओढलं होतं.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. मिशेरी सुटली (सुटली असं आई म्हणते), साखर ७.२ वर आली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ती डापाग्लिफ्लोझिनची गोळी तीन दिवस आधी बंद करायला सांगितलीत. ती चालू राहिली तर रक्तातली साखर नीट दिसत असतानाही आम्ल वाढू शकतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं? औषधांची पिशवीच घेऊन या म्हणालात म्हणून ती सापडली. आईच्या लेखी ती 'पिवळी गोळी'. आणि पाणी! आई आदल्या रात्रीपासून थेंबही न घेण्याच्या तयारीत होती. जेवण सहा तास आधी थांबवा, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, पण चहात दूध पडलं की तो चहा जेवणात धरायचा, हा तुमचा हिशेब तिने आता गल्लीभर सांगितलाय.

कमरेत सुई देण्याआधी तुम्ही तिचा हात धरून शेतातल्या उसाचं विचारत होतात, असं ती म्हणते. सर्जनसाहेबांना आम्ही पेढे दिले, शाल दिली. तुम्ही तोवर पुढच्या केसला गेला होतात. म्हणून हे पत्र.

तुमचं नाव आईच्या लक्षात राहत नाही, 'घोरण्याची बाई' म्हणते. पुढच्या महिन्यात तिचा मोतीबिंदू काढायचाय. डोळ्यात थेंब टाकून होतं, भूल लागत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं. ती म्हणाली, "असू दे. आधी त्या बाईला विचारा."

तुमचा,
दार ओढणारा मुलगा