बॅकअप दुसऱ्या कंपनीकडेही हवा

लघुउद्योगांनी कामकाज क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर न्यावे, असे सुचवणारा लेख वाचला. सल्ला रास्त आहे. सर्व्हर विकत घेण्यापेक्षा वापराइतके भाडे भरणे छोट्या कारखानदाराला परवडते. मात्र बॅकअपचा, म्हणजे माहितीची जादा प्रत ठेवण्याचा मुद्दा लेखात राहून गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील यंत्रणा सेटिंगमधील चुकीमुळे पुसली गेली. गूगलकडेच दोन ठिकाणी माहिती ठेवलेली होती, तीही सोबतच गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. यंत्रणा पुन्हा उभी करण्यास मोठी मदत झाली ती दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची. जीएसटीची बिले, येणी आणि पगारपत्रके एकाच खात्यावर सोपवणाऱ्या आपल्याकडील उद्योजकांनी निदान एक प्रत स्वतंत्र ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे दरमहा तपासावे.

– एक लघुउद्योजक, भोसरी (पुणे)