महिना दोन हजारांत ग्रंथपाल

संपादक महोदय,

सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा गावोगावच्या वाचकांनी ग्रंथपालांकडे पेढे मागितले. टक्केवारी ऐकायला घसघशीत वाटते, म्हणून ती बाजूला ठेवून साधा हिशेब मांडतो.

ग्रंथालयांचे 'अ' ते 'ड' असे वर्ग असतात. 2012 मध्ये सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30 हजार रुपये झाले. त्यानंतर दहा वर्षे हा आकडा जागचा हलला नाही. 2022-23 च्या वाढीने तो 48 हजारांवर गेला. यातला निम्मा पैसा वेतनावर, पाव ग्रंथांवर आणि उरलेला पाव भाडे, वीज, बांधणी, स्टेशनरी यांवर खर्चायचा. निम्मे म्हणजे 24 हजार. बाराने भागा, महिना दोन हजार रुपये. हा ग्रंथपालाचा पगार. ग्रामीण भागातल्या 'क' वर्गाला 1 लाख 53 हजार 600 रुपये मिळाले, तरी वेतनाचा वाटा महिन्याला 6,400 पडतो आणि तो दोघांत वाटला की 3,200. अगदी जिल्हा 'अ' वर्गाचे 11 लाख 52 हजार धरले तरी सगळ्या सेवकांचे मिळून महिन्याला 48 हजारच होतात. त्यांत पदवीधर, ग्रंथालयशास्त्र शिकलेली, पंचवीस वर्षे नोकरी झालेली माणसेही आली. निवृत्तिवेतनाचा विषय न काढलेलाच बरा.

आता ग्रंथांचे पाहू. 'ड' वर्गाच्या वाट्याला वर्षाला 12 हजार येतात. वर्तमानपत्रे याच पैशांतून घेतली आणि एका दैनिकाचे महिन्याचे बिल दीडशे धरले, तर चार दैनिकांचेच 7,200 होतात. सहा दिवाळी अंकांचे 1,800. उरले तीन हजार. त्यात तीनशे रुपयांची दहा पुस्तके येतात. वर्षाला दहा! शिवाय मान्य खर्चाच्या 90 टक्केच अनुदान मिळते, त्यामुळे 48 हजार पदरात पडायला 53,333 रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. वरचे 5,333 वर्गणीतून उभे करायचे. महिना वीस रुपये वर्गणी असेल तर नियमाने पैसे देणारे 23 सभासद हवेत. नियमाने हा शब्द महत्त्वाचा आहे.

पैसा येतो तोही दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता बहुधा मार्चच्या तोंडावर. यातून काय होते ते वाचकाला कपाटात दिसते, कारण मात्र कळत नाही. 31 मार्चच्या आत बिल लावायचे असते. निवड करायला, याद्या चाळायला, वाचकांच्या मागणीची वही उघडायला वेळच राहत नाही. मग जो विक्रेता गठ्ठा घेऊन दारात उभा असतो त्याचाच माल घेतला जातो. जाड पुठ्ठा, भली मोठी छापील किंमत, त्यावर भरघोस सवलत आणि आत काहीही. अशी पुस्तके वर्षानुवर्षे एकदाही देवघेवीला जात नाहीत. ग्रंथनिवड समितीला नावे ठेवण्याआधी हप्त्याची तारीख पाहावी.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणारा-घेणारा माणूस, त्याला कशाला जास्त पगार, असे अनेकांना मनातून वाटते. नवे पुस्तक आले की ते बिलाशी ताडायचे, पाने पूर्ण आहेत का पाहायचे, दाखल नोंदवहीत क्रमांक द्यायचा, शिक्का मुखपृष्ठामागच्या पानावर आणि प्रत्येक ग्रंथालयाने ठरवलेल्या आतल्या गुप्त पानावर मारायचा, विषय सांगणारा वर्गांक लावायचा, तारीखपट्टी चिकटवायची, तालिकेत नोंद करायची. एका पुस्तकाला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. यातले गुप्त पान चुकले तर पहिले पान फाडून रद्दीत गेलेले पुस्तक ओळखायला काहीच खूण राहत नाही. वर्गांक चुकला तर पुस्तक असून नसल्यासारखे. दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कादंबरीचा वर्गांक 891.463. पण बंगालीतून मराठीत आलेली कादंबरी त्याच पद्धतीने मूळ भाषेकडे, 891.443 मध्ये जाते. वाचकांच्या सोयीसाठी काही ग्रंथालये ती मुद्दाम मराठीतच ठेवतात. तेही चालते, फक्त एकदा ठरवले की तेच पाळावे लागते, आणि ते लक्षात ठेवणारा माणूस दर वर्षी बदलून चालत नाही. दोन हजारांत तो टिकत नाही. टिकला तर सकाळी दुसरीकडे कामाला जातो आणि ग्रंथालय संध्याकाळी दोन-तीन तास उघडते.

तालुक्याच्या गावात ग्रंथालयात येणारा माणूस आज फक्त कादंबरीसाठी येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर कधीपर्यंत भरायचा, स्पर्धा परीक्षेची मूळ जाहिरात कुठे आहे, मागच्या महिन्याचा अमुक तारखेचा अंक ठेवला आहे का, हे तो विचारतो. सातबाऱ्याचेच घ्या. शासनाच्या भूलेख संकेतस्थळावर मोफत दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत चालतो तो डिजिटल सहीचा, 15 रुपये भरून काढलेला. एवढे सांगणारा कोणी समोर नसेल तर माणूस रस्त्यापलीकडच्या दुकानात जातो आणि पंधराच्या जागी तिथे मागतील तेवढे मोजतो. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने तर कलम 4 मध्ये, सार्वजनिक प्राधिकरणाने लोकांसाठी वाचनालय चालवले असेल तर त्याच्या वेळाही आपणहून जाहीर करायला सांगितल्या आहेत. कायदा करणाऱ्यांना माहिती आणि वाचनालय यांचा संबंध दिसला होता. अंदाजपत्रक करणाऱ्यांना तो दिसत नाही.

हे महाराष्ट्रात व्हावे याचे विशेष वाईट वाटते. देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. आपला राज्याचा कायदा 1967 चा. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत स्थानिक मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर असतो, त्यामुळे पैशाचा एक ठरलेला झरा वाहता राहतो. आपल्या कायद्यात उपकर नाही. ग्रंथालये चालवतात स्थानिक संस्था, शासन देते सहायक अनुदान. या रचनेत लोकांचा सहभाग राहिला, ही तिची मोठी जमेची बाजू आहे आणि ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. पण सेवक ना धड शासनाचा, ना धड संस्थेचा, आणि वेतनश्रेणीची शिफारस करणारे समित्यांचे अहवाल फायलीत. 2012 च्या ग्रंथालय पडताळणीनंतर वरच्या वर्गात जाणे बरीच वर्षे थांबले, तेव्हा तर पुस्तके आणि सभासद वाढूनही ग्रंथालये 'ड'चीच राहिली.

मुख्य मागणी एकच आहे: वेतनाचा पैसा ग्रंथांच्या पैशापासून वेगळा काढा. आज दोन्ही एकाच थैलीत असल्यामुळे सेवकाला चार पैसे जास्त दिले की पुस्तके कमी होतात आणि पुस्तके वाढवली की सेवकाच्या पोटाला चिमटा बसतो. वेतन अनुदान स्वतंत्र शीर्षाखाली, किमान वेतनाशी जोडून, दरमहा थेट सेवकाच्या खात्यात जमा व्हावे. थेट खाते अशासाठी की सहीचा आकडा आणि हातातला आकडा यांत फरक राहू नये. ग्रंथ अनुदानाचा हप्ता सप्टेंबरपूर्वी मिळाला तरी दिवाळी अंक आणि नवी पुस्तके निवडून घेता येतील. एक रुपयाही न वाढवता खरेदी सुधारेल.

वाचकांनाही यात करण्यासारखे आहे. आपल्या ग्रंथालयाला किती अनुदान मिळाले हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर 150 शब्दांत आणि विषय एकच ठेवावा, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. 'अनुदान का पुरत नाही' असे विचारू नये, कारण 'का'चे उत्तर देणे त्यांना बंधनकारक नाही. अनुदानाच्या दोन्ही हप्त्यांच्या मंजुरी आदेशांच्या प्रती, हप्ते जमा झाल्याच्या तारखा आणि उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला) मागावे. सेवकांच्या नावानिशी वेतनपत्रक मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येऊ शकतो. वेतनावरचा एकूण वार्षिक खर्च मागितला तर सहसा नकार येत नाही. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात.

– सार्वजनिक ग्रंथालयांतील काही सेवक