हिरव्या चौकटीची सवय

संपादक महोदय,

मोठ्या आतड्याचा कर्करोग कृत्रिम बुद्धिमत्ता कसा वेळीच हेरते, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लेखात चूक काढण्यासारखं काही नाही. पण वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली, आणि ती फारशी मिरवण्यासारखी नाही.

सव्वीस वर्षं मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका होते. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, दुर्बीण डॉक्टरांच्या हातात, पण पडदा आम्हा दोघांच्या समोर. रुग्णाला कुशीवर वळवायचं, पोट दाबून धरायचं, स्नेअर (पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, कापून काढायचा तारेचा फास) पुढे करायचा, नमुन्याच्या बाटलीवर लेबल लावायचं, हे माझं नेमून दिलेलं काम. कुणी न सांगता अंगवळणी पडलेलं काम म्हणजे पडद्यावर नजर ठेवणं. "सर, आतड्याच्या त्या घडीमागे काहीतरी आहे, जरा परत जा," असं मी किती वेळा म्हटलं असेल! दहातल्या आठ वेळा फेस नाहीतर मळाचा कण निघायचा. उरलेल्या दोन वेळा सर काही बोलायचे नाहीत, नुसता हात पुढे करायचे. म्हणजे स्नेअर द्या.

नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेचं ते यंत्र आलं. पॉलिपसारखं काही दिसलं की पडद्यावर हिरवी चौकट आणि बारीकसा 'टिंग' आवाज. पहिले काही दिवस मी त्याच्याशी शर्यत लावायचे. त्यालाही फेस फसवायचा, हे पाहून जरा बरंच वाटायचं. मग एकदा आतड्याच्या उजव्या भागात, जिथे आम्हा दोघांना गुलाबी अस्तराखेरीज काहीच दिसत नव्हतं, तिथे चौकट हटेना. पाणी मारून वरचा बुळबुळीत थर धुतला, तर खाली नखाएवढा सपाट पॉलिप. तो आमच्या हातून सुटला असता, हे मी लपवत नाही. इटलीत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निदान एक अडीनोमा (पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारा पॉलिप) सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण यंत्राशिवाय ४०.४ टक्के होतं, यंत्रासह ५४.८ टक्के. असे वाढीव सापडणारे पॉलिप बहुतेक लहान असतात, तरी फरक खरा आहे.

पुढे एक दिवस यंत्र बंद पडलं. तपासणी जुन्या पद्धतीने सुरू झाली. दुर्बीण अर्धीअधिक बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे बाटल्यांवर आणि कान त्या 'टिंग'कडे. हे असं कधीपासून चाललं होतं, ते माझं मलाच सांगता येईना. सरांना मी त्या दिवशी काही बोलले नाही. आज लिहिते आहे.

२०२५ साली पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास 'लॅन्सेट'च्या पोटविकारांच्या नियतकालिकात आला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. यंत्र वापरात आल्यानंतर त्याच केंद्रांमध्ये यंत्राविना झालेल्या तपासण्यांत अडीनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं, आणि डॉक्टर चांगले अनुभवी होते. हा नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, घसरणीला इतरही कारणं असू शकतात. मला मात्र माझ्या बाटल्या आठवल्या.

पोटाच्या आजारांच्या निदानात संगणक पहिल्यांदा येतोय असंही नाही. इंग्लंडमधल्या लीड्स इथे डी डोंबल या शल्यचिकित्सकाने १९७२ मध्येच अचानक उठलेल्या पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर तो वापरून पाहिला होता. संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. संगणकाला माहिती द्यायची म्हणून डॉक्टरांना ठरावीक तक्ता भरावा लागे, दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, हे प्रत्येकाला नीट विचारावं लागे. आणि त्या काळात डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं. ते यंत्र माणसाला कामाला लावत होतं. आमचं यंत्र, निदान मला तरी, सुट्टी देत होतं.

आणि चौकट उमटते ती कॅमेऱ्यासमोर आलेल्या भागावरच. घडीमागे दुर्बीण गेलीच नाही, किंवा आतडं नीट साफ झालेलं नाही, तर यंत्र गप्प राहतं, आणि ती शांतता 'सगळं ठीक' अशी ऐकू येते. दुर्बीण आत नेताना नव्हे, मागे घेताना खरी तपासणी होते. त्यासाठी सरासरी ६ मिनिटांहून कमी वेळ घेणाऱ्या डॉक्टरांना पॉलिप बरेच कमी सापडतात, हे २००६ सालीच दिसून आलं आहे. घाई करणाऱ्या हाताला यंत्र काय मदत करणार?

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. गिळलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल साधारण आठ तास लहान आतड्याचे फोटो काढते, ते पन्नास हजारांच्या घरात जातात. एवढे फोटो एका जागी बसून बघताना कुणाचेही डोळे पेंगतील. तिथे यंत्राने आधी निवड करून द्यावी, माझी काही तक्रार नाही.

कोलोनोस्कोपीबाबत मात्र माझं साधं मागणं आहे. अहवालात चार गोष्टी छापून याव्यात: आतड्याच्या सफाईचे गुण (बोस्टन पद्धतीत ० ते ९ देतात), दुर्बीण मागे घ्यायला लागलेला वेळ, आतड्याच्या टोकाचा म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो, आणि यंत्र चालू होतं की बंद. बऱ्याच ठिकाणी पहिल्या तीन नोंदी होतात, पण कधी कधी त्या रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर येत नाहीत. आणि जिथे यंत्र आहे, तिथे आठवड्यातला एक दिवस ते मुद्दाम बंद ठेवून काम व्हावं. तपासणाऱ्याच्या नजरेबरोबर शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचीही नजर असली, तर जास्त पॉलिप सापडल्याचे अभ्यास आहेत. तेव्हा त्या दिवशी लेबलं लावायला दुसरं कुणीतरी द्या आणि सिस्टरला पडद्याकडे बघू द्या.

— एक निवृत्त परिचारिका