साहेबाचे कट्टे 1898 चे, 1868 चे नव्हेत

प्रति,
मा. संपादक यांस

विषय : विजयदुर्ग, हेलियम आणि दोन सूर्यग्रहणांची गल्लत

महोदय,

18 ऑगस्ट जवळ आला की, 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असे हमखास छापून येते, आणि किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे त्यांच्या उपकरणांसाठीचे चौथरे, त्याच वेळचे मानले जातात. हे खरे नाही. त्या दिवशी लॉकयर हिंदुस्थानात नव्हतेच. ते लंडनला युद्धखात्यात कारकून होते.

1868 च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम असा सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखातात गेला. तिथे खग्रास स्थिती 6 मिनिटे 47 सेकंद टिकली. गुंटूरला फ्रान्सचे ज्यांसाँ आणि ब्रिटिश मेजर टेनंट, मछलीपट्टणमला पॉगसन आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण) रोखून होते. सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वालांचा वर्णपट अखंड पट्ट्याचा नसून सुट्या तेजस्वी रेषांचा निघाला, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या ठरल्या. त्यांतली पिवळी रेषा बहुतेकांनी सोडियमची, ‘डी’ नावाने ओळखली जाणारी रेषा धरली. चूक समजण्यासारखी आहे. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, तर ही एकटी रेषा 587.6 वर. मोजक्या मिनिटांत, कमी विस्फारणाऱ्या लोलकातून, त्यात जमखंडीसारखे ढग आडवे येत असताना एवढे अंतर मोजणे फार अवघड. पॉगसन यांनी मात्र ‘डीवर किंवा डीजवळ’ अशी सावध नोंद केली.

दुसऱ्याच दिवशी ज्यांसाँ यांनी ग्रहणाशिवाय त्या ज्वाला पाहिल्या. युक्ती अशी : लोलकांनी वर्णपट जितका पसरावा, तितका आकाशाचा विखुरलेला प्रकाश फिका पडतो, ज्वालेचा प्रकाश मात्र ठरावीक रेषांतच एकवटलेला असल्याने उठून दिसतो. लॉकयर यांना हीच कल्पना 1866 पासून सुचली होती, पण त्यांचे नवे उपकरण उशिरा आले. 20 ऑक्टोबर 1868 रोजी त्यांनी इंग्लंडातून, ग्रहण नसताना, ती पिवळी रेषा पाहिली आणि ती सोडियमची नाही हे पुढे मोजून दाखवले. हीच हेलियमची रेषा. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो थेट 1895 मध्ये, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना.

मग विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’? ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचे. त्या वेळी लॉकयर खरोखर किल्ल्यावर आले, मदतीला ‘मेल्पोमेनी’ युद्धनौकेचे खलाशी होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. भिंगापुढे लोलक बसवलेले, पण वर्णपटदर्शकात प्रकाश आत घेणारी बारीक फट असते ती नसलेले कॅमेरे त्यांनी वापरले. चंद्राआडून उरलेली सूर्याची बारीक कोरच फटीचे काम करते, त्यामुळे प्रत्येक रेषा कमानीसारखी उमटते. हेलियम तोवर प्रयोगशाळेत हाती आल्याने त्याच्या कमानी थेट जुळवून पाहता येत होत्या. त्याच दिवशी जेऊरला अमेरिकेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला वेध घेत होते. नायगमवालांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते, याची खंत वाटते.

हेलियम दिन 18 ऑगस्टला असण्याला हरकत नाही, ती रेषा ग्रहणात त्या दिवशी दिसलीच होती. किल्ल्याच्या माहितीत मात्र कट्ट्यांपुढे ‘22 जानेवारी 1898, लॉकयर यांची ग्रहणमोहीम’ असेच छापावे, आणि 1868 च्या मजकुरात गुंटूरसोबत जमखंडीचाही उल्लेख यावा.

आपला,
एक वाचक, देवगड